अकरा चषक आणि एक सायकल

वेलांटीकाकांची दाढ ज्या मंगळवारी काढली, त्याच मंगळवारी समोरच्या फिजिओबाईंच्या घरी चोरी झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्या दिवशी कुणाच्याही मनात आलं नाही. काकांच्या तर मुळीच नाही.

काकांना हे नाव इमारतीनं दिलेलं. एका दैनिकात चौतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढून ते निवृत्त झाले होते; चुका मात्र निवृत्त झाल्या नव्हत्या. जिन्याखालच्या फलकावर सेक्रेटरींनी 'उद्या पाणि येणार नाही' असं लिहिलं, की दहा मिनिटांत लाल शाईनं 'णि'ची वेलांटी दुरुस्त झालेली असायची. पाणी यायचं नाही ते नाहीच, पण निदान शुद्ध स्वरूपात यायचं नाही. स्वतःच्या दारावरची पाटीही त्यांनी गेल्या आठवड्यात उतरवून रंगाऱ्याकडे परत धाडली होती, कारण त्यानं 'निवृत्त'मधला 'वृ' चुकवला होता. चुकीच्या पाटीपेक्षा बिनपाटीचं दार बरं, असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं. समोरच्या घरात फिजिओबाई राहायच्या. दोन गल्ल्या सोडून त्यांचं क्लिनिक होतं. तिथे त्या लोकांचे खांदे, गुडघे आणि माना ताळ्यावर आणायच्या. त्यांची खरी प्रसिद्धी मात्र वेगळ्याच कारणानं होती. त्या गोलकीपरच्या माजी पत्नी होत्या. गोलकीपर म्हणजे शहराच्या फुटबॉल संघाचा तो उंच, लांब हातांचा गडी, ज्यानं एकाच सामन्यात तीन पेनल्टी अडवल्या होत्या. त्याचा खांदा दुरुस्त करता करता लग्न जमलं, सात वर्षं टिकलं आणि दोन वर्षांपूर्वी भांड्याला भांडं न लागता संपलं. तो बॅग उचलून निघून गेला. मागे राहिली काचेच्या शोकेसमधली अकरा चषकांची रांग, त्याची व्यायामाची सायकल आणि हवेत झेपावून चेंडू पकडतानाचा त्याचा माणसाएवढा फोटो.

बायको गेल्यापासून काकांचं या शेजारणीशी लेकीसारखं नातं जडलं होतं. ती त्यांच्या गुडघ्याला व्यायाम शिकवायची, ते तिच्या पावत्यांमधलं शुद्धलेखन तपासायचे. दोघांच्या घरांच्या जादा किल्ल्या काकांच्या स्वयंपाकघरातल्या एकाच खिळ्यावर टांगलेल्या असायच्या.

"काका, हा हॉल आहे की गोदाम?" एकदा तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं होतं. "तो मोडका सोफा, ती दोन कपाटं... अडखळून पडलात तर मांडीचं हाड जाईल. या वयात ते सांधत नाही."

"त्या कपाटात चौतीस वर्षांचे अंक आहेत."

"मग अंक सांधून देतील का हाड?"

झालं. काकांनी ज्येष्ठ विरंगुळा केंद्राला फोन लावला. तिथे म्हातारी माणसं दिवसभर बसायची, पत्ते खेळायची. त्यांना फर्निचर हवंच होतं. टेम्पो मंगळवारी सकाळी येणार असं ठरलं आणि नेमकी त्याच वेळी दंतवैद्याची वेळ मिळाली. काकांनी त्यावर तोड काढली. एका पाकिटात किल्ली आणि चार ओळींची निर्दोष चिठ्ठी घालून पाकीट जिन्यातल्या मीटरच्या पेटीत ठेवलं आणि फोनवर केंद्राला सांगितलं, "तिसरा मजला. ज्या दारावर पाटी नाही, ते आमचं. मला फोन करू नका, मी खुर्चीत तोंड वासून बसलेला असेन."

दुपारी दीडला ते परतले तेव्हा दाढ गेली होती आणि तिच्याबरोबर उजवा गाल, खालचा ओठ आणि अर्धी जीभ भुलीच्या ताब्यात गेली होती. त्यांनी पेटीतलं पाकीट काढलं. किल्ली होती, चिठ्ठी नव्हती. खिशातल्या किल्लीनं दार उघडलं, तर हॉल जसाच्या तसा! सोफा होता, कपाटं होती, कपाटांवरची धूळसुद्धा होती. काकांनी निष्कर्ष काढला: आले, चिठ्ठी वाचली, काम जड दिसलं आणि पळाले. हल्ली शब्दाला किंमत राहिलेली नाही. लगेच फोन करून झाडावं असं त्यांना वाटलं, पण जीभच हलत नव्हती. त्यांनी पाकिटातली किल्ली खिळ्यावर टांगली आणि गालाला बर्फ लावून बसले.

दोन वाजता जिन्यात किंकाळी उठली.

काका धावले. फिजिओबाई आपल्या सताड उघड्या दारात पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. आत हॉल होता, पण नुसताच हॉल. सोफा नाही, शोकेस नाही, सायकल नाही, भिंतीवर झेपावणारा गोलकीपर नाही. त्याच्या जागी एक माणसाएवढा स्वच्छ चौकोन उरला होता.

"फोली!" काका ओरडले. "खाय धालं?"

"चोरी झाली, काका!" ती म्हणाली आणि मटकन जमिनीवर बसली. बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

अर्ध्या तासात हवालदार आला. त्यानं कुलूप पाहिलं, खिडक्या पाहिल्या, आतल्या खोल्या पाहिल्या. कुठे ओरखडा नाही. कपाटातले दागिने जागच्या जागी. हॉलमधला टीव्ही भिंतीवर तसाच.

"विचित्रच आहे," हवालदार म्हणाला. "टीव्ही सोडून सायकल नेणारा चोर मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय. किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"एक माझ्याकडे, एक या काकांकडे."

हवालदारानं काकांकडे पाहिलं. काकांनी त्याला स्वयंपाकघरात नेऊन खिळा दाखवला. दोन्ही किल्ल्या लटकत होत्या.

"आणि बाईंच्या कुलपाची तिसरी? तीन तरी येतात."

फिजिओबाई घुटमळल्या. "तिसरी... त्याच्याकडे होती. परत घ्यायची राहिली."

"त्याच्याकडे म्हणजे?"

काकांना राहवेना. ते बोलायला गेले. "गोफफीपल!"

"आजोबा, दुपारीच घेतलीय का?" हवालदारानं विचारलं.

"अहो, त्यांची दाढ काढलीय," फिजिओबाई म्हणाल्या.

एरवी माणूस बोलून जातो आणि बोललेलं वाऱ्यावर जातं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणतात. काकांची जीभ त्या दिवशी उचलतच नव्हती, म्हणून त्यांनी कागद घेतला. चौतीस वर्षांच्या सरावाचं वळणदार अक्षर कागदावर उमटलं: 'ज्या अर्थी कुलूप शाबूत आहे, त्या अर्थी दार किल्लीने उघडले. ज्या अर्थी मौल्यवान वस्तू सोडून चषक नेले, त्या अर्थी चोराला चषकच हवे होते. अकरा चषक कोणाला हवे असतील? ज्याने ते मिळवले त्याला. वेगळे सांगणे न लगे.' खाली त्यांनी सही केली, तारीख घातली आणि सवयीनं वेळही लिहिली.

हवालदारानं कागद दोनदा वाचला. "आमच्यात असं कुणी लिहीत नाही," तो आदरानं म्हणाला.

तोवर वर आलेल्या सेक्रेटरींनी कागदाचा फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला होता.

मग वॉचमनला बोलावलं. खरं म्हणजे वॉचमन सकाळी अकरा ते साडेबारा खुर्चीत गाढ झोपला होता. पण झोपलो होतो असं हवालदारासमोर कोण सांगणार? त्यानं विचार केला, मानेला हात लावला आणि म्हणाला, "बघितला ना साहेब. उंच होता. टोपी होती डोक्यावर."

"किती उंच?"

वॉचमननं जमलेल्या लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांना किती उंची हवी आहे याचा अंदाज घेतला. "लई उंच. आन् हात असे गुडघ्यापर्यंत."

या इमारतीत पराचा कावळा होत नसे. थेट थवाच उडे. संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर ठाम मत झालं होतं, की गोलकीपर दुसरं लग्न करतोय आणि नव्या बायकोला चषक हवेत. पहिल्या मजल्याचं म्हणणं, तिनंच सगळं लपवलं असेल, त्याला बदनाम करायला. दुसऱ्या मजल्यावर एक आजी फक्त एवढंच विचारत होत्या, की सोफा का नेला? त्यांच्या प्रश्नाकडे कुणी लक्ष दिलं नाही. साऱ्या इमारतीत तेवढाच एक शहाणा प्रश्न होता.

रात्री जेवायच्या आधी फिजिओबाई काकांकडे आल्या. "काका, मी त्याला सरळ फोन करून विचारते."

आता काकांची जीभ थोडी मोकळी झाली होती. "अजिबात नको. सावध होईल."

"अहो, सात वर्षं मी त्याच्याबरोबर संसार केलाय. स्वतःचे मोजे ज्याला घरात सापडत नव्हते, त्याला अकरा चषक कसे सापडतील?"

"माणूस बदलतो, पोरी," काका गंभीरपणे म्हणाले. आपण पुष्कळ जग पाहिलंय असं त्यांना त्या क्षणी वाटत होतं.

बुधवारी सकाळी ते वर्तमानपत्रात आलं. ग्रुपवरचा फोटो कुठून कसा वार्ताहराकडे पोहोचला ते कळलं नाही, पण क्रीडा पानावर मथळा होता: 'गोलकीपरच्या माजी पत्नीकडे चोरी, घरचाच भेदी?' खाली होतं, 'शेजारी राहणाऱ्या एका अभ्यासू ज्येष्ठ नागरिकाच्या मते चोराला नेमके काय हवे ते ठाऊक होते.' काकांनी 'अभ्यासू' हा शब्द तीनदा वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत मात्र ते जरा उशिरा पोहोचले. तिथे लिहिलं होतं, की प्रकरणाचा उलगडा होईपर्यंत रविवारच्या सामन्यात गोलकीपरला बाहेर बसवण्याचा संघाचा विचार आहे.

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. पण न्याय म्हणजे न्याय, असं म्हणून त्यांनी चहा घेतला.

दुपारी तीनला, आता जीभ पूर्ण ताब्यात आलीय तर केंद्राला झाडावं, म्हणून त्यांनी फोन हातात घेतला, तोच तो वाजला.

"काका ना? मी विरंगुळा केंद्रातून ताई बोलतेय."

"बरं झालं तुम्हीच केलात," काकांनी सुरुवात केली. "शब्द देऊन—"

"अहो, शब्दच नाहीत आमच्याकडे! काय सामान दिलंत हो! आम्हाला वाटलं, जुनापुराणा सोफा असेल. हा तर नवाकोरा! सगळे आजी-आजोबा कालपासून तुमचं नाव घेताहेत. आणि सायकलवर तर रांग लागलीय."

"कसली सायकल?"

"आणि एक सांगू? रागावू नका. तुम्ही इतके मोठे गोलकीपर होतात, कधी एका शब्दानं बोलला नाहीत! तरुणपणी काय देखणे होतात! तो उडीचा फोटो आम्ही जेवणघरातच लावलाय."

काका सोफ्यावर बसले. बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हा सोफा आपल्या घरात असायलाच नको होता.

"काका? आहात ना? आम्ही तुमचा सत्कार ठेवतोय."

काकांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन खिळ्यावरच्या दोन्ही किल्ल्या काढल्या. एक आपल्या दाराला लावली, बरोबर फिरली. दुसरी, काल पाकिटातून काढून वर टांगलेली, लावली, फिरेना. मग समोरच्या दाराला लावली. लोण्यात सुरी जावी तशी ती फिरली. समोरच्या दारावरही पाटी नव्हती. जोडीच्या नावांची पाटी फिजिओबाईंनी दोन वर्षांपूर्वीच उतरवली होती, आणि दुसऱ्यांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ टिपणाऱ्या काकांना शेजारच्या दारावर पाटीच नाही हे फोनवर बोलताना आठवलं नव्हतं.

तेवढ्यात सेक्रेटरी जिना चढून वर आले.

"वा काका! घटनास्थळाची पाहणी?"

"हो... म्हणजे... किल्ली..."

"चालू द्या, चालू द्या!" सेक्रेटरी हलक्या आवाजात म्हणाले आणि तपासात व्यत्यय नको म्हणून पावलं न वाजवता खाली गेले.

काका रिक्षा करून केंद्रात पोहोचले. ताईंनी मोठ्या जिव्हाळ्यानं त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी दाखवली: 'टीव्ही सोडून हॉलमधले सर्व सामान न्यावे. फोटो, शोभेच्या वस्तू यांचाही मोह नाही.' वेलांटी, उकार, सगळं कसं बिनचूक होतं.

आत पाहतात तो, फिजिओबाईंच्या सोफ्यावर चार म्हाताऱ्या पत्ते कुटत होत्या. एका आजींच्या मांडीवर चकचकीत चषक होता.

"सकाळच्या डावात जिंकले," त्या म्हणाल्या. "वर 'वर्षातला सर्वोत्कृष्ट गोलरक्षक' लिहिलंय. असू दे. उगाच कशाला नाही म्हणा!"

कोपऱ्यात सायकलवर एक आजोबा होते. ते फार हळू, एकेक पावलासाठी देहाची सगळी ताकद लावून पायडल मारत होते आणि बाजूला उभी असलेली त्यांची बायको मोठ्यानं मोजत होती. "सतरा... अठरा..." ताई काकांच्या कानाशी म्हणाल्या, "झटका आल्यापासून सहा महिने पाय उचलत नव्हते. काल सायकल बघितली आणि म्हणाले, बसवा मला. तुमचे उपकार कसे फेडायचे?"

आयुष्यात काकांचे इतके आभार कुणी मानले नव्हते आणि त्यातला एकही त्यांच्या हक्काचा नव्हता.

तिथून ते थेट क्लिनिकमध्ये गेले. फिजिओबाई एका बाईंची मान सरळ करत होत्या. ती सरळ होईपर्यंत काका बाकावर मान खाली घालून बसले. मग बाई गेल्या आणि काकांनी जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं: दाढ, पाकीट, किल्ली, पाटी, चिठ्ठी. मध्ये एकदाही त्यांनी स्वतःची बाजू घेतली नाही.

"चोर मीच आहे, पोरी," ते शेवटी म्हणाले. "आणि बोट दाखवलं दुसऱ्याकडे. तू हवालदाराला बोलाव. मी सामान उद्याच्या उद्या परत आणतो, त्या आजोबांना सायकलवरून उतरवून... आणतो."

फिजिओबाईंनी आधी तोंडावर हात ठेवला. मग खांदे हलायला लागले. काकांना वाटलं, रडतेय. ती हसत होती. इतकी हसली, की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला, आणि हसता हसता खरंच डोळे भरून आले.

"काका, दोन वर्षं रोज सकाळी उठले की तो भिंतीवरून माझ्या अंगावर उडी मारायचा! येणारा प्रत्येक जण शोकेस बघायचा आणि विचारायचा, कसा आहे हो तो? मी कशी आहे, हे कुणी विचारायचं नाही. ते सगळं काढून टाकायचा मला धीर होत नव्हता. टाकलं तर वाटायचं, त्याला वाईट वाटेल. काल किंचाळले खरी, पण रात्री त्या रिकाम्या हॉलमध्ये गादी टाकून झोपले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा इतकी छान झोप लागली. कुणाला सांगायची चोरी!"

"म्हणजे तू रागावली नाहीस?"

"सोफ्याबद्दल थोडीशी. सोफा माझा होता," ती म्हणाली. "पण तुमचं ऋण झालं हो माझ्यावर. आता त्याला फोन करू ना? की सावध होईल?"

काकांनी मान आणखी खाली घातली.

गोलकीपर सरावावरून तसाच क्लिनिकमध्ये आला, दारात वाकून आत शिरला. काका त्याच्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांची नजर त्याच्या छातीवरच्या क्रमांकाशी होत होती. ते त्या क्रमांकाशीच बोलले. "वर्तमानपत्रातला तो अभ्यासू ज्येष्ठ नागरिक मी. तुमची माफी मागायला मला तोंड नाही."

सगळं ऐकून गोलकीपरनं विचारलं, "ते आजोबा... किती पायडल मारले म्हणालात?"

"अठरापर्यंत मी ऐकलं," काका म्हणाले.

"मग राहू दे सायकल तिथेच. आणि चषकही राहू देत." तो स्टुलावर बसला, स्टूल कुरकुरलं. "मला ते नकोच होते, काका. त्यातला एकेक चषक म्हणजे हिचा एकेक चुकवलेला वाढदिवस आहे. न्यायला यायचं धाडस झालं नाही. वाटायचं, हिनं जपून ठेवलेत, मागितले तर हिला लागेल."

"मी जपून ठेवले?" फिजिओबाई म्हणाल्या. "मी धूळ पुसून पुसून दमले!"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. पुन्हा संसार मांडतील असं ते हसू नव्हतं. एक जड ओझं दोघांनी दोन बाजूंनी उचलून खाली ठेवावं, तसं होतं.

"पण रविवारचा सामना?" काकांनी विचारलं. "मी आजच सगळ्यांसमोर कबुली देतो."

"नको," गोलकीपर म्हणाला. "तुम्हाला त्या इमारतीत राहायचंय. लोक जन्मभर चिडवतील. मी बघतो. शिव्या खायची मला सवय आहे. चाळीस हजार लोक एकदम देतात."

संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये सभा भरली होती. हवालदारही आला होता. गोलकीपर आत आला तशी कुजबुज थांबली. तो मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "सामान मीच नेलं. माझंच होतं. किल्ली होती, माणसं पाठवली आणि सगळं विरंगुळा केंद्राला दिलं. हिला कळवायचं विसरलो. चूक माझी."

"माझी तक्रार मी मागे घेतेय," फिजिओबाई म्हणाल्या.

"ज्याचं सामान त्यानंच नेलं, तर चोरी कसली?" हवालदारानं वही मिटली. "तसं तुमच्या संघालाही फोनवर कळवून टाकतो."

आणि मग टाळ्या वाजल्या. गोलकीपरसाठी नव्हे, काकांसाठी! "काय डोकं आहे!" "कागदावर लिहून दिलं होतं, शब्द न् शब्द खरा!" सेक्रेटरींनी त्यांची पाठ थोपटली. हवालदारानं हात हातात घेतला. वॉचमन मोठ्यानं सांगत होता, "आपण आधीच ओळखला होता. लांब हात!" दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पुन्हा एकदा विचारलं, की मग सोफा का नेला? पुन्हा कुणी उत्तर दिलं नाही.

काकांना ते सोसेना. ते खुर्चीवर चढले. गुडघा दुखत असतानाही चढले. "थांबा!" ते म्हणाले. "हे खोटं आहे. सामान मी पाठवलं. माझ्या हातून किल्ली चुकली. हा माणूस निर्दोष आहे. मला वाचवायला तो दोष स्वतःवर घेतोय!"

सेक्रेटरींचे डोळे पाणावले.

"बघा," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात मोठं मन. आधी गुन्हेगार शोधून काढला आणि आता पोराचं नाव खराब होऊ नये म्हणून सगळं आपल्या अंगावर घेताहेत!"

"अहो, मी खरं सांगतोय! किल्ली—"

"काका, उतरा खाली," गोलकीपरनं त्यांना बगलेत हात घालून अलगद उचललं आणि जमिनीवर ठेवलं. "नाही मानत ते. गोल गेला की गेला, काका. पंचाशी वाद घालून उपयोग नसतो."

रविवारी दुपारी काका आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलच्या मैदानावर गेले. विरंगुळा केंद्रातली सगळी मंडळी गोलकीपरनं बोलावली होती; फिजिओबाई त्यांना धरून धरून पायऱ्या चढवत होत्या. काकांना जागा मिळाली बरोबर गोलच्या मागे. जाळीपलीकडे गोलकीपर उभा होता. त्यानं एकदा मागे वळून हात हलवला आणि काकांचा ऊर भरून आला. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. आपल्या माणसाच्या अंगावर सारखे लोक धावून येतात आणि तो एकटा सगळ्यांना पुरून उरतो, एवढं त्यांना दिसत होतं.

सामना संपायला दहा मिनिटं असताना एक चेंडू दोन खेळाडूंच्या पायांतून निसटला आणि गोलकीपरच्या बोटांना चाटून जाळ्यात गेला.

काकांच्या शेजारी बसलेला एक जाडजूड गृहस्थ उसळला. "अरे, काय गोलकीपर आहे का कोण आहे! यालाच हाकला आधी. सगळी चूक याची!"

काका ताडकन उठले. चौतीस वर्षांत ज्यांनी संपादकापुढेही आवाज चढवला नव्हता, ते वेलांटीकाका त्या गृहस्थाच्या तोंडासमोर बोट नाचवत ओरडले, "तुम्ही पाहिलंत का नीट? आधी कोण चुकलं, कुणाच्या पायातून सुटलं, काही ठाऊक आहे? समोर उभा दिसला म्हणून घातलं त्याच्या माथी? लाज नाही वाटत?"

गृहस्थ दचकून मागे सरकला. "अहो आजोबा, एवढं काय झालं? तुमचा कोण लागतो तो?"

काकांनी जाळीपलीकडे पाहिलं. गोलकीपर चेंडू उचलून धूळ झटकत होता.

"शेजारी," ते म्हणाले आणि खाली बसले.